बिबड्यांना बोलावणं नसे

आमच्या गल्लीत बिबड्यांना बोलावणं नसे. लग्नाला असे, बारशाला तर दारोदार असे. पण उन्हाळ्यात जिच्या घरी बिबड्या करायच्या ती बाई फक्त आदल्या संध्याकाळी अंगणात खाटा टाकून ठेवी. तेवढ्यावरून उभ्या गल्लीला कळे, उद्या हिचा घाटा. पहाटे चूल पेटली की बाया आपापली पाण्याची वाटी घेऊन आपणहून येत. कोणी चुकून ‘उद्या या हं’ म्हटलंच, तर ऐकणारीला राग यायचा. मी काय परकी आहे, मला सांगावं लागतं?

ज्यांनी बिबडी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते. ज्वारीच्या पिठात तीळ, लसूण, मिरची घालून मोठ्या पातेल्यात त्याचा घाटा शिजवायचा आणि तो गरम असतानाच ओल्या धोतरावर पातळ थापायचा. वाळला की तो पापड, म्हणजे बिबडी. घाटा गार झाला की घट्ट होतो, थापताना त्याला चिरा पडतात. म्हणून हे एकटीदुकटीचं काम नाही. चटके सोसणारे पुष्कळ हात लागतात, आणि हात चालू असले की तोंडंही चालतातच.

माझी आई धुळ्याकडची. रावेर तालुक्यातल्या आमच्या केळीच्या गावात ती लग्न होऊन आली, तेव्हा तिच्या अहिराणीतल्या ‘शे’ला आणि ‘मना’ला लोक हसायचे. तिच्या माहेरी बाजरी आणि मिरची. केळीच्या बागेत काय करायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ते तिला शिकवण्यापेक्षा तिला हसणं सोपं होतं. त्या दिवसांत दोघींनी तिला आपलं म्हटलं. एक अक्का, भिंतीला भिंत लागून राहणारी. दुसरी जिजी, समोरच्या दारातली. माझा धाकटा भाऊ झाला तेव्हा आईला दूध आलं नाही, तर अक्कानं आपल्या लेकीबरोबर त्यालाही अंगावर पाजलं. आई तापानं फणफणली की जिजी माझी वेणी घालून मला शाळेत धाडायची, आणि वेणी इतकी घट्ट घालायची की दिवसभर माझ्या भुवया वर चढलेल्या असायच्या. आईचं खरं माहेर लांब. एसटी बदलत जायचं तर दिवस मोडायचा. रुसायला, रडायला, नवऱ्याची उणीदुणी काढायला तिला या दोनच जागा होत्या.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. पंचायतीत बायांसाठी जागा राखीव झाल्या आणि आमच्या वॉर्डाची जागा बाईला सुटली. पंचायतीच्या निवडणुकीला पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनल असतं. पण कोणत्या पॅनलमागे कोणता पक्ष आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. एका पॅनलनं अक्काला उभं केलं, दुसऱ्यानं जिजीला. दोघींपैकी कोणीही ‘मला उभं राहायचंय’ असं म्हटलेलं नव्हतं. अक्काला कपबशी मिळाली, जिजीला छत्री. भिंतीवर चिकटलेल्या पत्रकांत दोघींचे फोटो नवऱ्यांच्या फोटोंपेक्षा लहान होते, आणि अक्काच्या फोटोत तर पदर इतका पुढे ओढलेला होता की मत नेमकं कोणाला द्यायचं हे तिच्या लेकरांनाही कळलं नसतं.

मी तेव्हा जळगावला कॉलेजात होते, सुट्टीसाठी घरी आले होते. मला सगळी गंमत वाटत होती.

पहिला खटका उडाला तो खडूच्या खुणेवरून. पॅनलची पोरं घरोघर फिरून दाराच्या चौकटीवर खूण करत. ही घरं आपली, ही त्यांची. माणसं मोजत नसत, घरं मोजत. आमचे वडील, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, सोसायटीच्या कामामुळे अक्काच्या पॅनलमधल्या लोकांत उठत-बसत. त्यामुळे आमच्या चौकटीवर खूण झाली. आईनं सारवण्याचं फडकं घेतलं आणि ती पुसून टाकली.

भाऊ ओशाळले. “अवो, पॅनलवाले मले इचारता, घरातून किती मतं धरू?”

“तुमनं एक सांगा,” आई म्हणाली. “मनं मी देसू.”

“मंग तू कोनाची?”

“मी मनी शे,” आई म्हणाली, आणि भाकरी उलटवायला वळली.

मी माझी आहे. इतकं साधं बोलली ती. मी हसले. भाऊ हसले नाहीत. संध्याकाळपर्यंत हे वाक्य पारावर पोचलं होतं आणि तिथून परत येताना त्याचं ‘बाई फार शहाणी झाली’ असं झालं होतं.

आईचं म्हणणं काही गहन नव्हतं. आमच्या गावात बायांना उजाडायच्या आत नाल्याकाठी जावं लागे. पावसाळ्यात तिथे चिखल, उन्हाळ्यात आडोसाही नाही, आणि अलीकडे तिकडून मोटारसायकली जायला लागल्या होत्या. उजेड दिसला की बाया उठून उभ्या राहायच्या. आईनं दोघी मैत्रिणींना एकच विचारलं. तू निवडून आलीस तर बायांसाठी भिंत घातलेली जागा बांधून घेशील का? मालक सांगेल तिथे अंगठा करशील, की तोंड उघडशील? अक्का म्हणाली, ते पॅनल ठरवील. जिजी हसली, म्हणाली, “माय वो, हे काय इचारनं झालं? तू माही, म्हनून मत दे.”

“तू मनी शेच,” आई तिला म्हणाली. “त्यामुयेच इचारस.”

मला वाटतं आई तिथेच चुकली, जर खरं विचारणं ही चूक असेल तर. मैत्रिणीला प्रश्न विचारायचा नसतो, बाजू घ्यायची असते, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. दोघींपैकी एकीकडे ती सरळ गेली असती तर दुसरीनं तिला शिव्या घातल्या असत्या आणि विषय संपला असता. पण ती दोघींच्याही घरी पूर्वीसारखी जात राहिली. अक्काकडे बसून जिजीचं चांगलं सांगायची, जिजीकडे बसून अक्काचं. दोघींच्या नवऱ्यांनी बायकांच्या कानाशी एकच लावून धरलं. ही दोन्ही डगरींवर हात ठेवणारी आहे, हिच्यासमोर बोलू नका. मग आई गेली की बोलणं थांबू लागलं. चहा पूर्वीपेक्षा लवकर पुढे येऊ लागला, म्हणजे उठता येईल.

मतदान झालं. आई नवी साडी नेसून गेली, शाई लावलेलं बोट घेऊन परत आली, आणि कोणाला मत दिलं ते कोणालाच बोलली नाही. भाऊंनाही नाही, मलाही नाही. अक्का थोडक्यात निवडून आली. आता बघा गंमत. अक्काला वाटलं, एवढ्या थोडक्यात आले, म्हणजे ही शेजारची फुटली. जिजीला वाटलं, एवढ्या थोडक्यात पडले, म्हणजे समोरचीनं दगा दिला. एकाच मतासाठी दोघी तिच्यावर रुसल्या, आणि दोघींनीही तिला विचारलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी आईनं अंगणात खाटा टाकल्या.

मी म्हटलं, “आई, या वेळी एकदा सांगून येऊ का दोघींना?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते. “सांगनं पडनं म्हंजे संपनंच ना,” ती म्हणाली.

पहाटे चूल पेटली. घाटा रटरटायला लागला, लसणाचा वास गल्लीभर गेला. मी धोतरं ओली करून खाटांवर पसरली. आई घाटा ढवळत होती आणि दर थोड्या वेळानं फाटकाकडे बघत होती. समोर जिजीच्या दारात झाडू ऐकू आला, मग बंद झाला. भिंतीपलीकडे अक्काची बादली वाजली. दोघी जाग्या होत्या, दोघींना वास येत होता. जिजीला वाटत होतं, अक्का बसली असेल तिथे, निवडून आलेली. मी कशाला जाऊ तिच्या तोऱ्यापुढे. अक्काला वाटत होतं, जिजी बसली असेल रडत, मी कशाला जाऊ टोमणे खायला. हे मला नंतर इकडून-तिकडून कळलं. बाकीच्या बाया या दोघींपैकी कोण निघतं ते पाहून निघणार होत्या. कोणीच निघालं नाही. इतर कुठल्या गावात उलट झालं असतं. खात्री करायला तरी कोणी डोकावलं असतं. आमच्याकडे डोकावणं म्हणजे विचारल्यासारखं, आणि विचारणं म्हणजे परकं होणं.

“मी जाऊन हात धरून आणते,” मी म्हटलं.

“बठ,” आई म्हणाली. “थाप.”

आम्ही दोघी थापायला लागलो. माझे हात कॉलेजातले. चटका बसला की मी वाटीत बुडवायची, आणि तोवर गोळा घट्ट व्हायचा. ऊन वर आलं. पातेलं निम्मंही झालं नव्हतं. तेवढ्यात भाऊ शेतातून आले, सगळं बघितलं. हातपाय धुतले, धोतर खोचलं आणि आईसमोर खाली बसून घाटा थापायला लागले. जन्मात त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं नव्हतं. त्यांनी थापलेली प्रत्येक बिबडी मध्ये जाड आणि कडेला फाटलेली. गल्लीतून जाणाऱ्या माणसांनी पाहिलं, पण भाऊ उठले नाहीत. आई तोवर रडली नव्हती. त्यांचे हात बघून मात्र ती रडायला लागली, पदर डोळ्यांना लावायला हात मोकळे नव्हते म्हणून तशीच, थापता थापता. उरलेला घाटा दुपारी म्हशीपुढे टाकला.

मला वाटलं, वर्षभरात विरघळेल. विरघळलं, पण आमच्या बाजूला नाही. पुढे तालुक्याच्या पातळीवर दोन्ही पुढाऱ्यांचं जुळलं, कारखान्याच्या की बाजार समितीच्या निवडणुकीसाठी, आता आठवत नाही. पारावर चहा झाला, पॅनलं एक झाली. काल एकमेकांना पाण्यात पाहणारे दोघींचे नवरे एकाच जीपमध्ये बसून फैजपूरला जाऊ लागले. अक्का-जिजी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. समझोता दोन बाजूंचा असतो. जिची बाजूच नव्हती तिच्या वतीनं कोण बोलणार? आई काही भांडली नव्हती, त्यामुळे तिच्याशी समेट करायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

त्या उन्हाळ्यात अक्काची सून आमच्या दारात आली. डोक्यावर पदर घेऊन, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, “काकू, उद्या आमच्याकडे बिबड्या आहेत. आईंनी या म्हटलंय.”

आई म्हणाली, “येसू.”

ती गेली. वाटी घेऊन गेली. मी पण सोबत होते. तिला पाट मांडून दिला. कपबशीतून चहा दिला. तिनं बाह्या सरसावल्या तशी जिजी घाईनं म्हणाली, “राहू द्या, तुमी बसा वो निवांत. आमी करतो.” ज्या बाईनं आईला आयुष्यभर ‘अगं ए धुळ्याचे’ म्हणून हाक मारली होती ती तिला ‘तुमी’ म्हणाली. आई बसली. वाटीतलं पाणी तसंच होतं. तिनं चहा संपवला, सगळ्यांच्या बिबड्या छान झाल्या म्हणून सांगितलं, आणि घरी येऊन मागच्या दाराशी बराच वेळ उभी राहिली. मला इतका संताप आला होता की मी त्या दोघींना जाऊन बोलणार होते. आईनं माझं मनगट धरलं. त्यानंतर ती बिबड्या विकत आणायला लागली.

आई गेली तेव्हा मी धुळ्याला नोकरीला होते. बाराव्याला गल्ली भरली. जिजी माझ्या गळ्यात पडून रडली आणि जेवायला बसली. सगळे उठल्यावर अक्का मागे राहिली. माझ्याजवळ सरकून बसली. तिचे डोळे खरंच सुजले होते. ती दिवसभर रडली होती, हे मी नाकारत नाही.

“तिनं जिजीले मत देलं असतं ना, तर मी भांडली असती,” ती म्हणाली. “खूप भांडली असती. पन भांडन मिटतं. तिनं भांडाले जागाच नही ठेवली. मंग मी मिटवू काय?”

मला तिची दया येत होती आणि तिचा गळा धरावासाही वाटत होता.

“आता ती गेली,” अक्का हळूच म्हणाली. “आता काय लपवाचं? तुले तर सांगितलं असंन. कोनाले देलं होतं?”

“मला माहीत नाही, अक्का. खरंच माहीत नाही.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डोळे पुसले, गुडघ्यावर हात टेकून उठली. “असू दे. नको सांगू,” म्हणाली, आणि भिंतीपलीकडे आपल्या घरी गेली. त्यानंतर मी गावी गेले की ती मला चहाला बोलावणं पाठवते.