चिमणीची मान

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. घरात नाही, शेडमध्ये नाही, जिच्यापाशी मी एरवी सगळं ओकते त्या बहिणीपाशीही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण — कारण काय असणार? सांगायचं ठरवलं, एवढंच.

आधी माझं काम सांगते. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही. रायपूरला, गुढियारीत, मालधक्क्याच्या मागे माझी शेड आहे. मी कलावस्तू पॅक करून गावोगाव पाठवते — मूर्ती, चित्रं, मातीकाम, पितळ, म्हणाल ते. वडील रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. नागपूरकडून बदली होऊन आले आणि इथलेच झाले. बांधलेलं खोकं हलवून बघायचं, आतून आवाज आला तर परत उघडायचं, हे त्यांनी शिकवलं. माझ्या हातचं खोकं आवाज करत नाही. पोचल्यावर उघडणारा माणूस माझं नाव घेतो, आणि चांगलंच घेतो.

गर्व म्हणा. आहेच. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

तेव्हा मी टेप वापरत नसे. वितीनं मोजायची. वस्तूवर दोनदा हात फिरवला की माप सांगायची आणि आमचे सुतार दिनकरभाऊ त्या मापाचं खोकं ठोकायचे. ते चिडवायचे, "ताई, टेप काय पूजेले ठेवला का? वितीनं काहून मोजून राहिल्या?" मी म्हणायची, चुकलं तर सांगा. वर्षानुवर्षं चुकलं नाही. आणि चुकलं नाही म्हणूनच — पण थांबा, क्रमानं सांगते.

राज्य नवं झालं होतं. रायपूर एकदम राजधानी. ऑफिसांतल्या खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं आणि साहेब लोकांना घाई होती, आमच्याकडे काय काय आहे ते दिल्लीला दाखवायची. अशाच एका ऑफिसानं मला पहिलं मोठं काम दिलं. त्यात सरगुजा जिल्ह्याकडची एक जाळी होती. बांबूच्या कड्या एकमेकींत अडकवून त्यांवर माती लिंपलेली, वरून पांढऱ्या मातीचा हात, आणि कड्याकड्यांत बसलेल्या चिमण्या. तिकडे घराच्या ओसरीला अशा जाळ्या लावतात. करणारी बाई ती जाळी मांडीवर आडवी धरून ऑफिसच्या जीपमधून आली होती. साठीची असेल. सगळे तिला दाई म्हणत, म्हणजे इकडच्या बोलीत आई; मीही म्हणू लागले. सगळ्यांत वरच्या कडीतली चिमणी मान वळवून मागे बघत होती. मातीत अशी मान वळवायची म्हणजे — मला विचाराल तर त्या गाडीभर मालात तेवढी एकच वस्तू जिवंत होती.

आता एक कागद समजून घ्या. माल ताब्यात घेताना फॉर्म भरतात. त्यात एक रकाना असतो, वस्तूत आधीपासून असलेल्या दोषांचा. विमा लागतो तो पुढच्या तुटफुटीला, आधीच्या दोषाला नाही. म्हणून तो रकाना कलाकारासमोर भरायचा आणि मगच सही घ्यायची. मी काय करायची? कोऱ्या फॉर्मवर आधी अंगठा घ्यायची आणि रकाने मागाहून भरायची. दाईचाही तसाच घेतला. ती त्याच जीपनं परत निघाली. जाताना एवढंच म्हणाली, "जोर झन लगाबे, बाई." जोर लावू नको.

दुपारी दिनकरभाऊ जेवायला गेले आणि मी जाळी खोक्यात उतरवायला घेतली. खोकं दोन बोटं कमी होतं.

भाऊ येईपर्यंत थांबले असते तर? एक फळी बदलायची, अर्ध्या तासाचं काम. पण मग भाऊ हसले असते ना. ताईची वीत चुकली, हे संध्याकाळपर्यंत गुढियारीभर झालं असतं. बांबू लवतो, असं मनाशी म्हटलं आणि जोर लावला. बांबू लवलाच. माती कशी लवेल? मागे बघणाऱ्या चिमणीचं डोकं माझ्या हातात आलं.

मी घाबरले नाही. हेही कबूल केलं पाहिजे. शांतपणे बसून डोकं चिकटवलं, भोवती भाताचा पेंढा भरला आणि त्या रकान्यात लिहिलं — चिमणीच्या मानेला जुनी चीर. माती कच्ची.

पहिलं वाक्य माझं नाव वाचवायला पुरेसं होतं. दुसरं कशाला लिहिलं? खोट्याला टेकू लागतो म्हणून? की मजकूर जाणकाराचा वाटावा म्हणून? मला वाटतं, जाणकाराचा वाटावा म्हणूनच.

दिल्लीत जाळी लागली नाही. त्यांनी फॉर्म वाचला, जाळी बाजूला ठेवली आणि परत पाठवली. विम्याचा प्रश्नच उरला नव्हता. पुढच्या यादीत दाईचं नाव नव्हतं. जाळी माझ्या शेडवर आली आणि ती न्यायला दाई आली. ऑफिसात कुणीतरी तिला कागद वाचून दाखवला होता. माझ्यावर संशय? नावालाही नाही. तिनं ती मान बराच वेळ पाहिली, कडीवरची थोडी माती नखानं खरवडून बोटांत चुरली आणि मला विचारलं, "मोर माटी कच्चा रहिस का, बाई?" माझी माती कच्ची होती का?

तिला भांडायचं नव्हतं. जन्मभर जी माती मळली ती हातातून बिघडली की काय, एवढंच तिला कळायला हवं होतं, आणि माझ्या शब्दावर तिचा भरवसा होता. मी म्हणाले, "हव."

कागदावरचं खोटं घाईत लिहिलं असं म्हणता तरी येईल. पण हे? तिच्यासमोर बसून, हातात चहा घेऊन. मला कुठंही जायचं नव्हतं.

पुढे शेड वाढली. नाव वाढलं. मी टेप वापरू लागले. लोकांना वाटलं, वय झालं. गेल्या वर्षी दाईची सून स्वतःची जाळी घेऊन आली. फार सुबक काम, पण एकही चिमणी नाही. का नाही, असं मी विचारलं. ती सहज सांगू लागली, "दाई मना करती हैं, दीदी. कहती हैं, हमारे घर की मिट्टी कच्ची है, गर्दन नहीं सहेगी. रायपुर की किसी मैडम ने बताया था, बड़ी जानकार थीं." मी विचारलं, दाई काही करतात का अजून? "बस मिट्टी सानकर देती हैं. बनाती कुछ नहीं." नुसती माती मळून देते.

मी "अच्छा" म्हणाले. शेडमध्ये आम्ही दोघीच होतो, वेळही होता. मी तिची जाळी पॅक केली, उत्तम पॅक केली, आणि तिला रिक्षापर्यंत सोडून आले.

दाईची माती पक्की होती. मानेची तुटलेली कड बोटानं तपासून बघितल्यावरच मी 'कच्ची' लिहिलं होतं.