मनगटावरचं घुंगरू

डॉक्टर बापूसाहेब गेल्याचं कळंबहून भाच्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा दूध उतू जात होतं. मी नुसती बघत राहिले…

निजामाच्या अमलातली गोष्ट. आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, कळंबला धान्याचं दुकान होतं. रोजच्या पूजेत तळहातावरचं लिंग त्यांना तीन-तीन दिसायचं. देव प्रसन्न झालाय, असं ते खुशाल सांगत. मला शाळेतला फळा दिसेना, तेव्हा आम्ही दोघं बापूसाहेबांकडे गेलो. काळ्या पत्र्यावर एकात एक पांढरी कडी रंगवलेली एक तबकडी त्यांच्याकडे होती. ती डोळ्यापुढे धरून मधल्या भोकातून ते बुबुळावरचं प्रतिबिंब बघत. आमच्या बुबुळांत ती कडी गोल उमटेनात. बुबुळं पुढं टोकदार होत चालली होती.

"आप्पा, महादेव एकच हाय. तीन दिसाया लागले, तर चष्मा लागतोय," बापूसाहेब हसून म्हणाले. आप्पांना हसू आलं नाही. "पोरगी आंधळी व्हईल का?" त्यांनी एवढंच विचारलं.

"तुमचं वयानं थांबलंय, त्याला चष्मा बास. हिचं आत्ता कुठं पळाया लागलंय, त्याला अडवावं लागंल." डोळे चोळल्यानं हे दुखणं बळावतं, असा त्यांचा अनुभव. आणि मी तर सदा चोळणारी! त्यांनी माझ्या दोन्ही मनगटांना घुंगरं बांधली. तेव्हापासून घुंगरू वाजलं की आई चुलीपासून ओरडायची, "वाजलं गं!" शाळेत पोरी 'नंदीबैल' म्हणायच्या. मी रडत बापूसाहेबांकडे गेले, तर म्हणाले, "अक्का, रडायचं तर खुशाल रड. पाणी वाहू दे, पर चोळू नगं."

दुखणं मंदावत गेलं, पुढं थांबलं. घुंगरांनी की वयानं, देव जाणे! मी आपली बापूसाहेबांचंच नाव घेते. या वयातही जाड भिंगाच्या चष्म्यानं पेपर वाचते. मी कळंबला गेले की ते हटकून ती तबकडी काढत आणि भोकातून बघून म्हणत, "हाय तिथंच हाय." ते ऐकायलाच मी जायची. आता कुणाकडं जाऊ? फार आठवण येते त्यांची.

परवा डबीतलं एक घुंगरू काढून मनगटाला बांधलं. ते जाऊन इतके दिवस झाले तरी नीट रडले नव्हते, ती तेव्हा रडायला बसले. सवयीनं हात डोळ्याकडे गेला. घुंगरू वाजलं. "वाजलं गं" म्हणणारं घरात कुणी नव्हतं… तरी हात खाली घेतला, आणि पाणी वाहू दिलं.