सारंगाचा गुडघा

कोलकात्याहून हुगळीतून पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटीवर मी स्वागतकक्षात होते. हुद्दा नावालाच, जेवण खाली खलाशांच्या मेसमध्ये. बोटीवर एक शिस्त फार कडक. कप्तानाशी खलाशी थेट बोलत नाही, काय सांगायचं ते सारंगामार्फत. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. आमचा बंगाली, कोलकात्यातल्या बागबाजारचा होता. वयस्क, फटकळ, पण मला लेकीसारखं 'मा' म्हणून जपायचा.

त्याचा गुडघा कामातून गेला होता. जिना चढताना तो कठडा धरून दम लागल्याचं सोंग करायचा. खाली सगळ्यांना ठाऊक, वर कोणालाच नाही. वर कळलं असतं तर त्याला घरीच बसवला असता.

मग नवा कप्तान आला आणि तो निघाला रत्नागिरीचा! मी आईशी फोनवर बोलताना त्यानं ऐकलं. झालं! येताजाता मला थांबवून मराठीत गप्पा. इकडे मी मेसमध्ये शिरले की खालच्यांची तोंडं बंद. आमचा स्वयंपाकी एकदा तिरकसपणे म्हणाला, "दीदी, साहेबांना आज काय बातमी दिलीत?" अशी तिडीक गेली डोक्यात! अरे, मी घावनांबद्दल बोलत होते!

एका सकाळी डेकवर कप्तानानं हळूच विचारलं, "सारंगाचा पाय दुखतो का हो?"

हा सहज विचारतोय, की माझ्याकडून काढून घेतोय?

"छे हो! सारंग अगदी ठणठणीत आहेत," मी ठोकून दिलं.

मागेच सारंग दोर गुंडाळत होता. आमच्या बोलण्यात त्याला कळण्याजोगा एकच शब्द होता, तो त्याचाच. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. नंतर मी बंगालीत, हिंदीत, आईची शपथ घेऊन सांगितलं की मी काही बोलले नाही. "ठीक आहे, मा," एवढंच म्हणाला.

बोट धक्क्याला लागली तेव्हा तो बोचकं घेऊन उतरला. पुढच्या फेरीला आलाच नाही. मेसमध्ये मला कोणी जागा देईना. स्वयंपाकी म्हणाला, "तुमचं ताट वर अधिकाऱ्यांच्यात लावलंय."

वर कप्तान वैतागून बसला होता. "ठणठणीत आहे म्हणालात ना? मग स्वतःहून का गेला तो? हाकलण्याआधी जातो म्हणाला. कोण हाकलत होतं? पाय दुखत असता तर धक्क्यावर बसून करायचं काम देणार होतो मी त्याला."

खरंच देणार होता का, देव जाणे.