दादांचे बारा कुंचले

कुंचल्यांच्या कारखान्यातले लोक त्याला तोंडावर दादा म्हणायचे आणि पाठीमागे ‘पास-नापास’. दोन्ही नावं त्याने स्वतः कमावलेली. चित्रकार वापरतात ते बारीक टोकाचे कुंचले तो बनवायचा. म्हणजे बनवायच्या बाया, मालक तो. वडिलांच्या काळात माल गावाची वेस ओलांडत नसे, याने तो सहा देशांत पोचवला. मग बायकोला लांबच्या एका देशात इस्पितळात नोकरी लागली. कारखाना काही हलवता येईना, तेव्हा हा गडी स्वतःच हलला.

तो देश म्हणजे कॅलेंडरवर छापायचा. खाली निळं तळं, वर बर्फाचे डोंगर, मधे गायी, त्याही धुऊन पुसून ठेवल्यासारख्या. परदेशी गिऱ्हाइकं कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्याला बघितलं की आधी डोंगराची चौकशी करत, मग भावाची. पण दादाला विचाराल, तर पाच वर्षांत त्याने डोळे भरून पाहिलेली वस्तू एकच, कारखान्यातल्या खिडकीजवळचं टेबल. इकडे सकाळी नऊला कारखाना उघडायचा तेव्हा त्याच्याकडे संध्याकाळचे पाच वाजलेले असत. तेव्हापासून झोपेपर्यंत तो पडद्याला चिकटलेला.

त्या टेबलाशी रोज मावशी बसायच्या. मावशी म्हणजे कारखान्याच्या मुकादम. वडिलांच्या वेळेपासून कामाला, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. कुंचल्याचे बारा प्रकार होते. प्रत्येकातला एक घेऊन त्या पाण्यात बुडवायच्या, झटकायच्या आणि टोक कॅमेऱ्यासमोर धरायच्या. तिकडे दादा डोळे बारीक करायचा. “पास. पास. हा सातवा नापास, टोक फाकतंय. कोणी बांधला?” मावशी म्हणायच्या, “बघते दादा.” दादाने पास म्हटल्याशिवाय एकही खोकं बंद करायचं नाही, असा नियम होता. एकदा अंगात सडकून ताप असताना दोन रजया पांघरून यांनी बारा टोकं तपासली. वर सगळ्यांना ऐकवायचं, मी तीन दिवस बघितलं नाही तर कारखान्याचा बोऱ्या वाजेल.

शेवटी रक्तदाब असा चढला, की तिकडचा डॉक्टर म्हणाला, एकतर तुम्ही हे काम सोडा, नाहीतर मी तुम्हाला सोडतो. दादाने महिनाभर विचार केला. आपल्याशिवाय कारखाना चालणार नाही आणि आपल्याच्याने आता चालवणं होणार नाही, मग राहिलं काय? बंद करायचा. बावीस माणसं, सगळ्यांचं हातावर पोट. निदान हे त्यांना समोर उभं राहून सांगावं, एवढी लाज त्याला होती. बायकोला म्हणाला, जरा कारखान्यात डोकावून येतो. कारखान्यात तर येतोय हेही कळवलं नाही.

तो सकाळी आठालाच पोचला. किल्ली त्याच्याकडे होती. आत सरस आणि लाकडाच्या भुश्शाचा वास, भिंतीला टेकलेली खोकी, बायांच्या चपलांची रिकामी फळी. कसं सांगायचं ते चार ओळींत लिहून काढावं म्हणून तो खिडकीजवळच्या टेबलाशी बसला आणि कागदासाठी त्याने खण उघडला. खणात एक चपटी पेटी होती. तिच्यावर मावशींच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘दादांसाठी. कोणी हात लावू नये.’

भेटवस्तू असेल, असं त्याला वाटलं. माणूस भोळा तो भोळाच. पेटीत ओळीने बारा कुंचले होते, बाराही प्रकारांतला एकेक. मुठीवरचं रोगण बोटांनी झिजून गेलेलं. सातव्याच्या मुठीवर एक काळा ठिपका होता. हा ठिपका त्याने पाहिला होता. एकदा नव्हे, शंभरदा पाहिला होता. दरवेळी त्याला वाटलं होतं, या बायांच्या लाकडात हा ठिपका येतोच कसा.

मग त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि पायाखालची जमीन सरकली. रोज तेच बारा. आज नापास केलेला सातवा दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या तोंडाने पास केला होता, वर शाबासकीही दिली होती, बघा, सांगितलं की कसं सुधारतं. त्याचे कान तापले. पेटी मांडीवर घेऊन तो तसाच बसून राहिला.

मावशी आल्या. दादाला बघून दारातच थबकल्या, मग पेटी दिसली. पिशवी खुंटीला अडकवून त्या शांतपणे समोर आल्या.

“किती दिवस चाललंय हे?” दादाने विचारलं.

“चार वर्षं झाली.”

“आणि माल कोण बघतं?”

“मी बघते. एकूण एक कुंचला. तुम्ही बारा बघायचात, मी सगळे बघते. तक्रार आलीय का कुठनं?”

आली नव्हती. त्या चार वर्षांत गिऱ्हाइकांची जी जी कौतुकाची पत्रं आली, ती दादाने आपल्या नजरेच्या खात्यात जमा केली होती.

“मला फसवलंत तुम्ही, मावशी.”

“फसवलं,” मावशी म्हणाल्या. “पहिलं वर्ष खरेच दाखवत होते. पण तुमच्या त्या पडद्यावर चांगलं टोकसुद्धा फाकलेलं दिसायचं. तुम्ही नापास म्हणायचात, पोरी चांगला बांधलेला कुंचला उसवायच्या, रडायच्या. एकदा मी म्हटलं, दादा, राहू द्या, मी आहे ना. तुम्ही दोन दिवस धड बोलला नाहीत. मग म्हटलं, मन रमतंय तर रमू दे.”

मन रमतंय. दादाला तोंडात मारल्यासारखं झालं. तो स्वतःला कारखान्याचा खांब समजत होता. इथे त्याच्या हातात खुळखुळा दिला होता आणि चार वर्षं तो वाजवत बसला होता. रागावर राग येत होता, पण काढायचा कोणावर?

“मी आज कारखाना बंद करायला आलो होतो,” तो म्हणाला. “माझ्याशिवाय चालणार नाही म्हणून.”

आता मावशींचं अवसान गेलं. त्या समोरच्या स्टुलावर मटकन बसल्या. “बावीस घरं आहेत, दादा,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहिले, आणि त्यापायी बावीस घरं बुडाली असती.” दादाने त्यांना पाणी आणून दिलं.

“बंद नाही करत,” तो म्हणाला. “तुम्हीच चालवा. तसाही चालवताच आहात.”

मग त्याने बायकोला फोन लावला. ती नुकतीच घरी आली होती. त्याने तिला बंद करायचा बेत सांगितला, पेटी सांगितली, ठिपका सांगितला. आपल्या मूर्खपणावर ती पोट धरून हसेल, अशी त्याची खात्री होती. ती हसली नाही.

“तू रोज संध्याकाळी मान वर न करता मला विचारतोस, दिवस कसा गेला,” ती म्हणाली. “मी म्हणते, बरा गेला. गेली दोन वर्षं तुला ते एकच उत्तर दाखवतेय. तू रोज पास करतोस.”

“मग कसा जातो?” दादाने विचारलं.

“मला इथे राहायचं नाहीये. त्या इस्पितळात जायचं म्हटलं की सकाळी दोन बस सोडून तिसरीत चढते. येताना जिन्यात बसून रडून घेते, मग दार उघडते. तुझं तिकडे कामात चित्त असतं, म्हणून बोलले नाही.”

जिन्यात. म्हणजे त्याच्या खुर्चीपासून दहा पावलांवर. तो तेव्हा आत बसून टोकं तपासत असायचा, टोक जरा फाकलं तर त्याला जगाच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचं. बाया कामावर यायला लागल्या होत्या. मावशींनी त्यांना बाहेरच थांबवलं आणि दार लोटून घेतलं.

“कधीपासून?” त्याने विचारलं. “सगळं सांग.”

“वेळ आहे का तुला?” तिने विचारलं. तिने ते मनापासून विचारलं होतं, आणि तेच त्याला सगळ्यात जास्त लागलं.