मामाचा मुका प्रोग्रॅम

माझा मामा घरात आला की कळत नाही. पावलांचा आवाज नाही, कडी वाजत नाही. पाठीमागे कुणी शिंकलं की समजायचं, मामा अर्ध्या तासापासून बसलेला आहे. यापायी मामीच्या हातून आजवर तीन कपबश्या आणि एक काचेची बरणी फुटली आहे. "अहो, आत येताना खाकरायला काय होतं?" असं ती लग्नापासून विचारते आहे. मामाचं उत्तर ठरलेलं: "तू कामात होतीस. म्हटलं, कशाला त्रास."

तीस वर्षं मामाने चष्म्यांच्या दुकानांसाठी भिंगं घासली. पन्नाशीत डोळे दुखायला लागले, म्हणून ते काम सोडलं आणि कॉम्प्युटर शिकायला बसला. डोळ्यांना आराम द्यायची ही तऱ्हा त्यालाच सुचू शकते. मग त्याने चष्मेवाल्यांसाठी एक प्रोग्रॅम लिहिला. गिऱ्हाइकाचं नाव टाकलं की जुने सगळे नंबर समोर, कार्ड छापून हातात. एकतीस दुकानांत तो चालायचा, आणि स्वभावाने थेट मामावर गेला होता. मशीन सुरू झालं की न बोलावता उठायचा, पडद्यावर कुठे दिसायचा नाही, दुपारी सगळ्या कार्डांची गुपचूप प्रत काढून ठेवायचा.

एका सोमवारी सकाळी मामाचा फोन वाजायला लागला तो थांबेचना. दुकानांतल्या अँटिव्हायरसने नवं अपडेट घेतलं होतं आणि अकरा ठिकाणी लाल चौकट उगवली होती: धोका आढळला, फाइल हटवली. कार्डं शाबूत होती, प्रोग्रॅम गायब. शेवटचा फोन चौकातल्या चष्मेवाल्या बाईंचा. हे मामाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक.

"काका, इतकी वर्षं तुम्ही आमच्या मशीनमध्ये नेमकं काय ठेवलं होतं?"

दुपारी बाईंनी दुकानदारांच्या ग्रुपवर लिहिलं, "सावध राहा." मामाचं नाव नव्हतं. गरजही नव्हती.

मी शहाणपणा केला. "मामा, सोपं आहे. सगळ्यांना सांग, अँटिव्हायरसच्या यादीत जाऊन तुझ्या प्रोग्रॅमला सूट द्या. एका मिनिटाचं काम."

"म्हणजे मी सांगायचं की पहारेकऱ्याला म्हणा, याला अडवू नको? चोर दुसरं काय सांगतो रे?"

मग मी त्याला समजावलं की अँटिव्हायरस प्रत्येक व्हायरस चेहऱ्याने ओळखत नाही, वागणुकीवरूनही संशय घेतो. त्या लाल चौकटीखाली कारणं होती, ती वाचून दाखवली: न विचारता सुरू होतो, स्वतःला लपवतो, दुसऱ्यांच्या फायलींच्या प्रती काढतो.

मामी भाजी निवडत होती. "हा प्रोग्रॅमचा पंचनामा आहे की ह्यांचा?"

मामा हसला नाही. त्याने अँटिव्हायरसच्या कंपनीला अख्खा प्रोग्रॅम पाठवला, सोबत चार पानी पत्र. त्यात भिंगं घासण्यापासून सुरुवात होती. मी ते सहा ओळींवर आणलं, यावर तो दिवसभर रुसला.

उत्तराची वाट पाहत घरी बसवेना, म्हणून दुसऱ्या दिवशी तो बाईंच्या दुकानात गेला. मीही सोबत. त्याने प्रोग्रॅमची ओळ न् ओळ कागदावर छापून नेली होती. बाईंना त्यातलं काही कळणार नव्हतं, पण त्यांनी पाच-सहा पानं उलटली.

"यात चोरी कुठे आहे ते दाखवा," मामा म्हणाला. त्याचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. म्हणजे शेजारच्या खुर्चीपर्यंत गेला.

"चोरी नसेल हो काका. पण मग हा सगळं चोरून का करतो? रोज आमच्या कार्डांची प्रत काढतो, हे मला आज कळतंय."

"तुम्ही कामात असता. म्हटलं, त्रास कशाला."

"घर माझं आणि पाहुणा कुठल्या खोलीत आहे ते मला ठाऊक नाही. त्रास याचाच होतो."

मामाने कागद गोळा केले आणि आम्ही घरी आलो.

शुक्रवारी कंपनीचं दोन ओळींचं उत्तर आलं: तपासणी केली, फाइल निर्धोक आहे, पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्ती होईल. मामाने ते चार वेळा वाचलं. बाईंनी ते ग्रुपवर टाकलं आणि खाली स्वतः लिहिलं, "मी घाई केली. काकांचा प्रोग्रॅम स्वच्छ आहे." दोन दुकानं तरीही परत आली नाहीत. मामा अजून त्यांच्यासमोरून जाताना रस्ता ओलांडतो.

पण नव्या आवृत्तीला तोंड फुटलं आहे. सुरू होताना सांगते, 'मी आलो.' दुपारी विचारते, 'कार्डांची प्रत काढू का?' आता दुकानदारांची तक्रार आहे की काका, हा फार बोलतो. मामा ऐकून घेतो आणि बदलत काही नाही.

परवा मी आणि मामी स्वयंपाकघरात असताना दारात कुणीतरी जोरात खाकरलं. मामीच्या हातून कपबशी फुटली.