शेलूबाजारच्या गोवऱ्या भक्तपुरात

नेपाळच्या हद्दीवर, सोनौलीच्या नाक्यावर तपासणीच्या शिपायाने माझं पोतं सोडलं, आत डोकावला आणि झटकन डोकं मागे घेतलं.

“ये क्या है?”

“गोवरी,” मी अभिमानाने म्हणालो. “घर की है. शेलूबाजार से लाया.”

त्याने जोडीदाराला बोलावलं. जोडीदाराने काठीने ढोसून पाहिलं आणि विचारलं, “क्यों, नेपाल में गाय नहीं होती क्या?”

प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर माझ्यामागे हिरव्या लुगड्यात उभं होतं. माझ्या सासूबाई. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामी म्हणतो. मामींनी वर्षभर चहा घेतला नव्हता, आणि वर्षभर चहा न घेतलेली बाई कशी बघते ते त्या शिपायाला एका नजरेत कळलं. त्याने पोतं स्वतःच्या हाताने बांधून दिलं.

हे सगळं माझ्या तोंडामुळे झालं. गेल्या वर्षी बायको सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्पीवरून पडली आणि पाय मोडून वाशीमच्या दवाखान्यात निजून होती. पायात सळई बसली. चालता येईल, पण पायऱ्यांचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मामी कॉटशेजारी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मला बाईमाणसाचं रडणं बघवत नाही, आणि गप्प तर त्याहून बसवत नाही. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावर एक उंचच उंच देऊळ, खूप पायऱ्या, मागे बर्फाचे डोंगर. मी बोट दाखवून म्हणालो, “मामी, रडू नका. ही त्या देवळाच्या पायऱ्या चढंन, अन् आपण तिथंच रोडगे करू!”

मला वाटलं, देऊळ असेल औंढ्याकडे कुठेतरी. बर्फाकडे माझं लक्षच गेलं नाही.

मामींनी तिथल्या तिथे हात जोडले. “बोलला नवस माह्या जवाई! आता रोडगे होईपर्यंत मी चहाले शिवत नाई.” नंतर मी कॅलेंडरजवळ जाऊन खालची बारीक अक्षरं वाचली. भक्तपूर, नेपाळ. मी परत येऊन खुर्चीवर बसलो आणि कॅलेंडरकडे पाठ केली.

रोडगे म्हणजे जाडसर कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे आणि फोडून वर तूप सोडायचं. आमच्याकडे नवस फेडायचा तो असाच. गॅसवर भाजलेला रोडगा देवाला चालतो की नाही माहीत नाही, मामींना चालत नाही. बिनचहाच्या मामी वर्षभर मुलीची सेवा करायला आमच्याच घरी होत्या. रोज सकाळी मी चहा गोठ्यात लपून प्यायचो. तिथेही आवाज यायचा, “प्या, प्या. म्हशीले विचारा आधी, थे घेते का.”

बायको काठी टाकून चालायला लागली तसे आम्ही निघालो. पोत्यासकट.

काठमांडूहून बसने भक्तपूर गाठलं. विटांचे रस्ते, काळ्या लाकडाच्या नक्षीच्या खिडक्या, आणि चौकात एकदम ते कॅलेंडरातलं देऊळ. पाच मजली! पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना दगडी पैलवान, त्यांच्या वरच्या टप्प्यावर हत्ती, त्याच्या वर सिंह. बायकोने मान वर करून पाहिलं आणि एवढंच म्हणाली, “अजी, कॅलेंडर लहान होतं.”

मी मात्र जोशात. पैलवानाच्या पायाशी बसकण मारली, गोवऱ्या रचल्या आणि काडी लावली. क्षणात असा धूर उठला की समोरच्या खिडक्या दिसेनात. मोठमोठे कॅमेरे गळ्यात घातलेले गोरे पाहुणे धावत आले. त्यांना वाटलं, इथला एखादा प्राचीन विधी. एका बाईने तर मला हात जोडले. मीही सवयीने आशीर्वाद दिला. तेवढ्यात खाकी कपड्यातला रखवालदार शिट्टी फुंकत आला आणि त्याने हातातल्या बाटलीतलं पाणी थेट विस्तवावर ओतलं.

“पागल हो? सब लकड़ी है! भूकंप के बाद अभी-अभी मरम्मत हुई है!”

मी म्हणालो, “भैया, नवस है.” नवसाला हिंदीत काय म्हणतात ते मला आठवेना, आणि त्याला आठवण्यात रस नव्हता. बाकीच्या गोवऱ्याही त्याने घेतल्या, पोतं काखेत मारलं आणि गेला.

मामी ओल्या राखेकडे बघत होत्या. मग माझ्याकडे. “जवाईबुवा, काहून आणलं मले इतक्या दूर? तुमी कोणाचं देऊळ जाळाले आले होते का?” आवाज चढला नव्हता, तेच वाईट. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. “जाऊ द्या. नाई लिहिला माह्या नशिबी चहा.”

बायको मात्र नाक वर करून हवा हुंगत होती. “धूर येऊन राह्यला.”

“माझाच आहे,” मी म्हणालो.

“तुमचा नाई. हा तनसाचा धूर आहे.”

ती पुढे, आम्ही मागे. दोन गल्ल्या ओलांडल्या तर कुंभारांचा चौक लागला. हजारो मडकी उन्हात मांडलेली, आणि एका कडेला राखेचा मोठा ढीग मंद धुमसत होता. आत मडकी, वर तनस म्हणजे भाताचा वाळला पेंढा, त्यावर राख. शेजारी छोटंसं गणपतीचं देऊळ. ढिगापाशी एक म्हातारी कुंभारीण बसली होती. मी तोंड उघडणार तोच बायकोने मला कोपराने ढोसलं आणि मामींना पुढे केलं.

मामींनी सकाळीच भिजवून डब्यात आणलेल्या कणकेचा गोळा दाखवला, मग राख दाखवली. म्हातारीने गोळा दाबून पाहिला, हसली आणि काठीने ढिगाच्या कडेचा गरम फुपाटा ओढून दिला. “डालो, डालो.”

दोन सासवांचं जमलं. एक वऱ्हाडीत बोलत होती, दुसरी तिच्या भाषेत, आणि दोघी माझ्याकडे बघून हसत होत्या. त्यामुळे विषय मला समजला.

पण रोडगे भाजत आले आणि मामी मध्येच थांबल्या. “यात आपली गोवरी नाई. चालंन का देवाले?” मामींनी एक रोडगा उकरला, झटकला, फोडला, वास घेतला. बराच वेळ. “चालंन,” त्या म्हणाल्या. “राख ते राखच. देव का शेलूबाजारलेच राह्यते?”

पहिला रोडगा गणपतीपुढे ठेवला. म्हातारीने मातीच्या वाडग्यात दही आणून दिलं आणि स्वतः दोन रोडगे खाल्ले. मग पदरात एक बांधून बायको त्या पायऱ्यांकडे निघाली. पैलवानांपर्यंत सहज गेली. हत्तीच्या सोंडेला धरून उभी राहिली. खाली मामींचे ओठ हलत होते. मी आधार द्यायला मागे गेलो, तर सिंहांपाशी मलाच धाप लागली आणि तिने मला हात दिला. वर दाराशी रोडगा ठेवून तिने खाली हात हलवला. मामींनी डोळे पुसले आणि त्या चालत्या झाल्या. कुठे? सरळ चहाच्या दुकानात.

आम्ही पोचलो तेव्हा पेला त्यांच्या ओठाशी होता. घोट घेतला. डोळे मिटले. आम्ही दोघं श्वास रोखून.

“साखर कमी आहे,” मामी म्हणाल्या, आणि दुसरा मागवला.

मी निवांत होऊन टेकलो. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. निळा समुद्र, नारळाची झाडं. “मामी,” मी म्हणालो, “पुढच्या खेपेला—”

बायकोने उरलेला अख्खा रोडगा माझ्या तोंडात कोंबला.