खोबणीत बसेना बोट

ॲग्नेलकाकांनी बॉक्स वरच्या फळीला धरून उचलला. फळी त्यांच्या हातात आली, बाकीचा बॉक्स टेबलावरच राहिला. त्यांनी फळीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाय, हे असं कसं झालं?"

तेव्हा गुरुवारची दुपार होती. शिवडीच्या गोदामात असल्या चोवीस बॉक्सचे कापलेले भाग ढिगाने पडले होते आणि रविवारी ते वरळीला पुस्तकांनी भरून उभे राहायचे होते.

मी फर्निचर डिझायनर आहे. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करते. आमचा मशीन चालवणारा संदेश ते सीएनसी मशीनवर घालतो आणि मशीन आपोआप प्लायवूड कापतं. कापलेले भाग जोडायचं काम ॲग्नेलकाकांचं. गोदाम त्यांचंच आहे. चाळीस वर्षं सुतारकाम करतायत, पण सीएनसीला अजून 'तुमचा तो कॉम्प्युटर' म्हणतात.

बॉक्स जॉइंट म्हणजे काय ते आधी सांगते. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून बघा. तशीच एका फळीच्या टोकाला बोटं कापायची, दुसरीच्या टोकाला खाचा कापायच्या आणि ग्लू लावून दोन्ही एकमेकांत बसवायच्या. खिळा नाही, स्क्रू नाही. मात्र बोट आणि खाच अगदी एका मापाची असून चालत नाही, ती हाताने शिरतच नाहीत. बोट किंचित बारीक लागतं. किंचित म्हणजे कागदाच्या दोन पानांइतकं. याला आम्ही क्लिअरन्स म्हणतो. तो कमी पडला तर हातोडीने प्लाय फुटतो. जास्त झाला तर काय होतं, ते काकांच्या हातात होतं.

बॉक्स होते गायकवाड सरांसाठी. वरळीच्या बीडीडी चाळीत तळमजल्याच्या खोलीत ते बरीच वर्षं अभ्यासिका चालवतात. आता पुनर्विकासासाठी चाळ रिकामी होत होती. नव्या टॉवरमध्ये एक खोली मिळण्यासारखी होती, पण तिच्यावर जिमवाल्या पोरांचाही डोळा होता. रविवारी सोसायटीची कमिटी खोली बघायला येणार आणि तिथेच ठरवणार. सरांना कपाटं नको होती. "पुन्हा हलवायची वेळ आली तर पुस्तकांसकट उचलता आलं पाहिजे," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणून बॉक्स. एकावर एक रचले की शेल्फ, उचलले की पेटी. भरलेला बॉक्स दोन माणसांनी उचलायचा, म्हणजे सगळा भार त्या बोटांवर.

आणि आमची बोटं तर सुटत होती.

मी व्हर्नियर काढला. दाताच्या डॉक्टरसारखा बारीक तपासणारा हा मापाचा चिमटा माझ्या पर्समध्येच असतो. नवरा त्यावरून चिडवतो, चिडवू दे. खाच मोजली, बोट मोजलं, ड्रॉइंग उघडलं. दोन कागदांइतका क्लिअरन्स मी दिला होता, तो बरोबर होता. पण खाच ड्रॉइंगपेक्षाही मोठी निघाली. आणि बोट ड्रॉइंगपेक्षा बारीक.

"संदेश, खाच मोठी का?"

"मॅडम, मीच केली ना. मंगळवारी सॅम्पल घट्ट बसला होता, तुम्ही बघितला. म्हटलं प्रोग्राममध्ये थोडा चान्स देऊया. नंतर काकांना ठोकाठोक नको."

"आणि बोट बारीक कसं झालं?"

काका दुसरीकडे बघायला लागले. "मी घासली. सगळी. सॅम्पल टाइट होता ना. तू कॉम्प्युटरवाली, तुला काय सांगायचं? बुधवारचा अख्खा दिवस पॉलिश पेपर मारत होतो."

आता मलाही कबूल करणं भाग होतं. सॅम्पल घट्ट बसला तेव्हा ड्रॉइंगमध्ये क्लिअरन्सच नव्हता. त्याच संध्याकाळी तो मी घातला होता, कोणालाही न सांगता.

मंगळवारी आम्ही तिघं त्या सॅम्पलभोवती उभे होतो. काकांनी तो हातोडीने बसवला, तिघांनी माना डोलावल्या आणि "फर्स्ट क्लास" म्हणून चहा घेतला. मग दुसऱ्याला त्रास नको म्हणून तिघांनी आपापल्या जागी गुपचूप जोड सैल केला. प्रत्येकाचं बरोबर होतं, फक्त तिघांची बेरीज चुकली.

काका म्हणाले, "ग्लूमध्ये भुसा घालून भरू. दिसणार पण नाय."

"दिसणार नाही, पण उचलल्यावर सुटेल."

"नवीन प्लाय?"

नवीन प्लाय नव्हता. होता तेवढा चाळीतल्या लोकांनी मिळून आणला होता. त्यांच्याकडे परत हात पसरायचा, तोही माझ्या चुकीसाठी, हे मला मरणाहून वाईट वाटत होतं.

मग संदेशने डोकं खाजवत विचारलं, "बोटं कापून टाकली तर? फळ्या तर चांगल्या आहेत."

हे मला आधी सुचायला हवं होतं. टोकाची बोटं उडवायची आणि उरलेल्या फळीला नव्याने कापायची. बॉक्स लहान होईल, एवढंच. हिशेब केला. आतली उंची अठ्ठावीस सेंटिमीटर आठ मिलिमीटर उरत होती. सरांना फोन लावला आणि झालं ते सगळं सांगितलं.

 ते म्हणाले, "मोजून सांगतो." दहा मिनिटांनी फोन आला. "स्पर्धापरीक्षेची गाइडं अठ्ठावीस. ती बसतील. ॲटलास आणि मोठे ग्रंथ नाही बसणार."

"सर, त्यांच्यासाठी चार बॉक्स उभे ठेवू. बॉक्स आहे, आडवा ठेवा नाहीतर उभा."

"मग करा. पण मॅडम, रविवार हलणार नाही."

शुक्रवार-शनिवार आम्ही तिघांनी दुसरं काही केलं नाही. संदेशने मशीनवर एक ठोकळा बसवला, म्हणजे प्रत्येक फळी त्याच जागी टेकेल. पहिली जोडी कापली तेव्हा मी मोठ्याने विचारलं, "क्लिअरन्स ड्रॉइंगमध्ये आहे. अजून कोणी दिलाय?" दोघांनी रिकामे हात वर केले, पोलिसांसमोर करतात तसे. काकांकडून पॉलिश पेपर काढून घेतला, ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. जोडी मात्र हाताच्या दाबाने सरकत गेली आणि शेवटी टक् करून बसली. काकांनी ती ओढून बघितली, पिळून बघितली. "आता ही बोलते," एवढंच म्हणाले. मला एकदम हलकं वाटलं.

रविवारी कमिटीसमोर सरांनी काही भाषण केलं नाही. भरलेला एक बॉक्स दोन मुलींना उचलायला लावला. त्यांनी तो खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला आणि ठेवला. सेक्रेटरींनी कोपऱ्यांवरून बोट फिरवलं, खिळा शोधत होते. सापडला नाही. खोली अभ्यासिकेला मिळाली. सरांनी माझा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. मला रडू आलं, ते मी कपड्यांवरच्या भुशावर ढकललं.

क्लिअरन्स किती द्यायचा हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये मिळतं. कोणी द्यायचा हे मिळत नाही. आता आमच्याकडे सॅम्पल बसवला की चहा लगेच मिळत नाही. आधी एकेकाने बोलायचं: घट्ट आहे की सैल, आणि मी त्याचं काय करणार आहे. काका दरवेळी कुरकुरतात, "एवढ्याशा लाकडासाठी मीटिंग!" पण पहिले तेच बोलतात.